जप माझा, कविता ह्यांची

स्वागतगीत लिहून देते असं मी कुणाला म्हटलं नव्हतं. ते माझ्या वतीनं आक्कांनी म्हणून टाकलं होतं.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. राहायला निपाणीत, पण सासरचं गाव तिथून जवळच, कोगनोळीकडं जाताना हायवे सोडून आत. आमच्या ह्या सीमेवरच्या पट्ट्यात थंडी पडली की गावोगावी साहित्य संमेलनं भरतात. मांडव पडतो, ग्रंथदिंडी निघते, पुण्या-कोल्हापूरहून पाहुणे येतात, दुपारी पंगत बसते आणि ऊन उतरेपर्यंत सगळं गाव एका जागी बसून भाषणं ऐकतं. आक्कांच्या गावातही असं संमेलन भरतं. तिथल्या एका बैठकीत यंदाचं स्वागतगीत कुणाकडून लिहून घ्यायचं हा विषय निघाला. आक्का बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच सांगितलं की माझी भावजय बेळगावात मराठीची शिक्षिका आहे, तिची पुस्तकं छापलीत, ती देईल. विषय संपला.

मला हे कळलं ते संमेलनाच्या चिटणिसांच्या फोनवरून. ते गावातल्या हायस्कुलात खेळाचे शिक्षक. आवाज मैदानावरचा. म्हणाले, मॅडम, गीत जोशपूर्ण पाहिजे, मायमराठी आली पाहिजे, सीमेची व्यथा आली पाहिजे आणि आमच्या मुलींना चालीवर म्हणता आलं पाहिजे. मी बघते म्हटलं. त्यांनी ते हो धरलं.

माझी दोन पुस्तकं आहेत हे खरं. बारीक आहेत, आणि आता बरीच जुनी झालीत. त्यानंतर मी लिहिलं ते सगळं कुणीतरी मागितलं म्हणून. निवृत्तीची मानपत्रं, शाळेच्या वर्धापनदिनाची गीतं, उद्‌घाटनाची गीतं, बारशाच्या चार ओळीसुद्धा. आणि प्रत्येक संमेलनाला मायमराठी. त्या शब्दावर माझा राग नाही. मराठी शिकवूनच मी पोट भरते. कॅम्पातल्या एका जुन्या शाळेत, जिथं फौजेतल्या लोकांची मुलं येतात आणि वडिलांची बदली झाली की निघून जातात, तिथं मूठभर मुलांना मी मराठी शिकवते. त्यातल्या कुणाची आई पंजाबी, कुणाची तमीळ. ती मुलं 'मी पाणी पिली' म्हणतात आणि मला बरं वाटतं. पण ह्यातलं काही त्या गीतांत घालायची सोय नसते. तिथं थोरवी लागते, गर्जना लागते, रक्त लागतं. शेवटी शेवटी तर मी जुन्याच गीतांतली कडवी उलटसुलट करून देत होते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. ह्याचा मला जास्त त्रास व्हायचा.

मग तेही बंद झालं. कागद समोर घेऊन बसलं की डोकं रिकामं. स्वतःसाठी लिहिणं तर कधीच थांबलं होतं. ते परत येईल की नाही ह्याची एक बारीक भीती मनात होती, आणि ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

चिटणिसांचे फोन वाढायला लागले तसा मी आक्कांना फोन करून सांगितलं की मला काही सुचत नाही, दुसऱ्या कुणाकडून घ्या. त्यांनी 'बघू' म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघत होते तर दारात रिक्षा थांबली आणि आक्का पिशवी घेऊन उतरल्या.

पिशवीत स्फटिकाची माळ होती, मधाची बाटली होती, वेखंडाचं कांड होतं आणि माझ्यासाठी पांढरी सुती साडी होती. त्यांच्या भजनी मंडळातल्या एका बाईंनी म्हणे सरस्वतीचा जप केला आणि साठी उलटल्यावर त्यांना आपोआप अभंग सुचायला लागले. आता हाच जप मी करायचा होता. रोज, उजाडायच्या आत, अंघोळ करून, पूर्वेकडं तोंड करून. जप संपेपर्यंत चहा नाही, बोलणं नाही, फोन नाही. आणि मी नेमानं करते की नाही हे बघायला आक्का गीत होईपर्यंत इथंच राहणार होत्या.

मी म्हटलं, आक्का, कविता अशी येत नसते.

त्या म्हणाल्या, "म्हस पान्हवंना तर आपुन गप बसतो व्हय गं? कायतरी करतोच की. तसंच हे."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणजे माझे यजमान. विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेत, बी.कॉम. आहेत, पेपरमधलं संपादकीय आणि बाजारभाव सोडून आयुष्यात त्यांनी काही वाचलेलं मी पाहिलं नाही. माझं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा त्यांनी ते उघडून मागचं पान बघितलं आणि छपाई स्वच्छ आहे म्हणाले. आता ते पेपराआडून म्हणाले की करून बघायला काय जातंय. ज्यांना करायचं नसतं त्यांना असं म्हणता येतं.

पहिल्या दिवशी आक्कांनी सहाणेवर मधात वेखंड उगाळलं आणि सोन्याच्या अंगठीनं माझ्या जिभेवर लावलं. लहान मुलांना वाचा फुटावी म्हणून लावतात तसं. मी पन्नाशी ओलांडलेली बाई. जीभ चुरचुरली आणि मग जडच झाली. पहिल्या तासाला मी 'टाळाटाळ' हा शब्द फळ्यावर लिहिला आणि तोंडानं म्हणायला गेले तर तो नीट निघेना. मुलं खाली बघून हसत होती. घरी येऊन मी आक्कांना सांगितलं की वेखंड बंद. त्या म्हणाल्या की चुरचुरलं म्हणजे लागू पडालंय.

मग उच्चाराचा वाद निघाला. मंत्र साधाच होता, 'ओम् ऐं सरस्वत्यै नमः'. आक्का त्यातलं बीजाक्षर 'आयं' असं म्हणायच्या, अगदी हाक मारल्यासारखं. आमच्या भिंतीला लागून एक बाई राहतात, कन्नड शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या रोज सकाळी आमच्याकडची जास्वंद तोडायला येतात. त्यांनी आक्कांचा जप ऐकला आणि भिंतीवरूनच सांगितलं की असं नाही, शेवटी ओठ मिटले पाहिजेत, 'ऐम्'. आक्का म्हणाल्या, आमच्यात असंच म्हणतात. बाई म्हणाल्या, देवी आमची-तुमची कुठं असते. दोघी अर्धं कन्नड आणि अर्धं मराठी बोलत तिथं बराच वेळ उभ्या होत्या. भाषा शिकवण्यात माझी हयात गेली होती आणि मी तिथंच दात घासत उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही.

तोड म्हणून मोबाइलवर यूट्यूब लावायचं ठरलं. त्यात एक हिंदी गृहस्थ खर्जात तिसऱ्याच पद्धतीनं म्हणत होते. दोघींनाही ते पटलं, कारण त्यात दोघींपैकी कुणी हरलं नव्हतं. आता रोज पहाटे आक्का माझ्या शेजारी पाटावर बसायच्या, भिंतीपलीकडं बाई बसायच्या, मध्ये मोबाइल, आणि सगळ्यांनी एका सुरात जप. ऐन रंगात आलं की तो आवाज तुटायचा आणि एक बाई कन्नडमधून पाण्याच्या पाइपांची जाहिरात करायची. आक्का डोळे न उघडता हातानं खूण करायच्या की जाहिरात घालव. मी घालवायची आणि परत डोळे मिटायची.

जप करताना माझ्या डोक्यात काय चालायचं ते सांगते. सहामाहीचे न तपासलेले गठ्ठे. गॅस बुक केला का. पुण्याला असलेल्या मुलीनं काल फोन का उचलला नाही. इडलीचं पीठ वर आलं असेल का. मंत्र तोंडात आपला चाललेला असायचा आणि मी घरभर फिरून यायची. रोज उठताना वाटायचं की आज आक्कांना सरळ सांगावं. पण त्यांचे गुडघे दुखतात, तरी त्या माझ्याआधी उठून, थंड फरशीवर पाट मांडून बसलेल्या असायच्या. त्यांच्याकडं बघितलं की मी शेजारच्या पाटावर जाऊन बसायची. असा हा दुहेरी वैताग होता.

खोटं कशाला बोलू, एका सकाळी मात्र काहीतरी झालं. म्हणता म्हणता त्या अक्षरांचा अर्थ गळून पडला. नुसते ओठ मिटत होते, उघडत होते. डोकं घरभर फिरायचं थांबलं. आणि कुठूनतरी खालून एक ओळ हलल्यासारखी वाटली. पुरती नव्हती. दोन शब्द होते आणि पुढं नुसतीच चाल. किती वर्षांनी तसं होत होतं. मी श्वास धरून बसले.

तेवढ्यात नळाला पाणी आलं. आमच्या भागात पाणी रोज येत नाही, आलं की भरायची घाई असते. हे बादल्या आपटत अंगणात गेले आणि त्यांनी मोटर लावली. आमची मोटर जुनी आहे, सगळं घर थरथरतं. ओळ गेली. मी डोळे उघडले तर आक्का नजरेनंच दटावत होत्या, उठू नको म्हणून. उठून तरी काय करणार होते. मी उरलेली माळ ओढली, पण ती रागानं ओढली.

नाष्ट्याला मी पोह्यांच्या बशा जरा आपटूनच ठेवल्या. ह्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "मला दोन ओळी सुचल्यात."

मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांनी म्हणून दाखवलं:

*आलासा, बसा जरा, पाणी घ्या गार,*
*रस्ता लई खराब, दमलासा फार.*

पाणी भरता भरता सुचलं म्हणे. तुमचा जप कानावर पडत होता, मोटरीचा ठेका लागला होता, त्यात आपोआप बसलं. आक्कांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं की जप मी करतेय, पाट माझा, माळ माझी, साडी माझी, आणि ओळी ह्यांना कशा सुचल्या. आक्का म्हणाल्या, "घर एकच हाय न्हवं. तिला जे दार उघडं घावलं, तिथनं आली."

मी उठून चहा ठेवायला गेले.

त्यानंतर रोज. मी पाटावर बसायची आणि हे चहा गाळता गाळता, बूट पुसता पुसता ओळी जुळवायचे. जपाला बसा म्हटलं तर म्हणायचे की छे, मला कुठं जमतंय ते. मला कोरा कागद, ह्यांना कडवी. आणि भाषा कुठली, तर निपाणीकडच्या घरातली, त्यांच्या लहानपणीची. जी भाषा मुलीनं शाळेत बोलू नये म्हणून मीच घरात बोलू दिली नव्हती. मी म्हटलं की लेखी भाषेत 'लई' चालत नाही, 'खूप' म्हणा. त्यांनी म्हणून बघितलं. म्हणाले, "मोडतंय की गं." खरंच मोडत होतं. मग मी जास्तच चिडले.

ते शांतपणे आपल्या नादात असायचे. भिंतीपलीकडच्या बाईंना त्यांनी म्हणून दाखवलं. पाणी सोडायला येणाऱ्या माणसाला म्हणून दाखवलं. आणि मग पाहुण्यारावळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. त्या ग्रुपवर आक्कांच्या सासरचं सगळं गाव आहे, त्यात चिटणीसही आहेत. दुपारी मधल्या सुट्टीत मला त्यांचा फोन आला. गावाकडं ह्यांना अण्णा म्हणतात. मॅडम, अण्णांचं गीत वाचलं, मुलींनी लगेच चालीवर म्हणून बघितलं, झकास बसतंय. तुमच्या तब्येतीला त्रास नको, आपण हेच घेऊ. तब्येतीचं काय ते मला कळलं नाही. नंतर समजलं की आक्कांनी गीत उशिरा होतंय त्याचं कारण म्हणून माझी तब्येत पुढं केली होती.

घ्या म्हटलं आणि स्टाफरूममध्ये येऊन बसले. हसायला पाहिजे होतं. हसू येईना. एवढी वर्षं घरात लिहिणारी म्हणून मी एकटी होते. घरात दुसरं कुणी लिहीत नाही ह्याचं मला कधीमधी वाईट वाटायचं, पण त्याचा आधारही होता हे त्या दिवशी कळलं. घरी गेल्यावर मी सरळ गठ्ठे तपासायला बसले. ते आपले खुशीत. म्हणाले, "तुझं काम हलकं झालं बघ." त्यांना खरंच तसं वाटत होतं. मनात कुठंही काही नव्हतं. त्यामुळं भांडताही येईना.

हे सगळं इथंच संपलं असतं. पण संमेलनाच्या आदल्या आठवड्यात चिटणिसांचा परत फोन. कमिटीची बैठक झाली. गीत चांगलं आहे, पण त्यात मायमराठी नाही. सीमेचा उल्लेख नाही. पुण्याचे पाहुणे येणार, त्यांना वाटेल की ह्या लोकांना काही अस्मिताच नाही. तर मॅडम, तुम्ही त्या लाइनमधल्या आहात, एक कडवं तेवढं जोडून द्या. आणि दुसऱ्या कडव्यातली एक ओळ बदला. त्याचा कुणी भलता अर्थ काढेल.

कुठली ओळ ते मी विचारलं. त्यांनी सांगितली, नाव-गावाची. मी फोन ठेवून मोबाइलवर ह्यांचं गाणं उघडलं. तोपर्यंत मी ते चुका शोधायलाच ऐकलं होतं. पहिल्यांदा स्वस्थपणे वाचलं.

*चपला हितंच ऱ्हाऊ द्या, सावलीला या,*
*नाव-गाव मागनं सांगा, चा आधी घ्या.*

*कुठनं आला, कुठं चालला, इचारत न्हाय,*
*चुलीवर भाकर हाय तवर परका कोण न्हाय.*

आमच्या भागात माणसाला आधी त्याचं गाव विचारतात आणि त्यावरून तो कुठल्या बाजूचा हे मनात ठरवून टाकतात. दुकानाच्या पाटीवरून, बसच्या बोर्डावरून, नमस्कार कुठल्या भाषेत केला त्यावरून ठरवतात. मीसुद्धा ठरवते. आणि ह्या माणसानं, ज्यानं जन्मात कविता वाचली नाही, त्यानं लिहिलं होतं की नाव-गाव मागनं सांगा. मला ते लिहिता आलं नसतं. वाईट वाटलं, बरंही वाटलं, आणि ह्यांना ते कळलंय का असा प्रश्न पडला. विचारलं तर म्हणाले, "अगं, दमून आलेल्या माणसाला आधी चा द्यायचा का पत्ता विचारायचा?"

मी चिटणिसांना उलट फोन केला. म्हटलं, "सर, त्या गाण्यात एक शब्द वाढणार नाही आणि एक शब्द बदलणार नाही."

ते म्हणाले, "मॅडम, कमिटीचा निर्णय आहे."

"मग कमिटीनं स्वतःचं गीत स्वतः लिहावं."

आक्का शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांना धसका बसला. सासरच्या गावात त्यांचं नाव होतं. म्हणाल्या, घाल की गं एक कडवं, तुझ्या हातचा मळ आहे तो. आणि हे काय म्हणाले, तर घाल. "तू घातलंस तर चांगलंच होईल की." म्हणजे ज्याच्यासाठी मी भांडत होते, तोच पलीकडच्या बाजूला. मी दोघांनाही सांगितलं की मी घालणार नाही. ह्यांना म्हटलं, तुम्हाला तुमचंच गाणं कळत नाही. ते म्हणाले, असेल.

संमेलनाच्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. हायवेचं काम चाललेलं, सारखं खाली सर्व्हिस रोडला उतरायचं आणि परत वर चढायचं. धुळीनं आक्कांची ठेवणीतली साडी लाल झाली. मांडवात पहिल्या रांगेत जागा होती. मुलींनी नऊवारी नेसल्या होत्या. पेटीवर गावातलेच एक गृहस्थ. मुलींनी पहिली ओळ उचलली, 'आलासा, बसा जरा', आणि पुढं बसलेली म्हातारी माणसं एकमेकांकडं बघून हसायला लागली. त्यांच्या तोंडची भाषा माइकवरून येत होती. चहाच्या ओळीला मांडवभर खसखस पिकली. पाहुणेही हसले. 'परका कोण न्हाय' म्हणताना एक मुलगी जरा चुकली, पण सगळे शांत झाले होते. आता संपलं असं वाटलं.

संपलं नव्हतं. पेटीवाल्यांनी सूर चढवला, मुलींनी मुठी वर केल्या आणि चौथं कडवं सुरू झालं.

*मायमराठी आमुची आई, तिची सर कोणाला नाही,*
*गर्जून सांगू सीमेवरुनी, मागे आम्ही हटणार नाही.*

दोन 'नाही', आणि चाल कुठं, शब्द कुठं. चिटणिसांनी स्वतःच केलं होतं ते. टाळ्या मात्र त्यालाच जास्त पडल्या. मी ह्यांच्याकडं बघितलं. ते गुडघ्यावर ताल धरून बसले होते.

मग त्यांना वर बोलावलं. शाल दिली, नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हटलं. ते माइकपुढं उभे राहिले. म्हणाले, "माझं ह्यात काय न्हाय. जप हिनं केला, मी नुसतं पाणी भरलं." आणि हात माझ्याकडं. सगळा मांडव वळून माझ्याकडं बघायला लागला. आक्का तर अशा ताठ बसल्या होत्या, जणू मंत्र त्यांनीच रचला होता.

जेवणाच्या पंगतीत माझ्याभोवती बायका जमल्या. कसला जप, किती वेळ, पाळी असताना चालतो का. एकीला मुलीच्या दहावीसाठी पाहिजे होता. एकीची सून बोलत नव्हती, तिला काही फरक पडेल का. एकीचा नवरा फार बोलतो, त्याला उलटा जप असतो का. मी सांगत होते की अहो, माझ्या हातून एक ओळ झालेली नाही. पण त्याचा काही उपयोग झाला नाही. पलीकडं आक्का पदराच्या गाठीतून वेखंडाचे तुकडे काढून वाटत होत्या.

परत येताना आक्का निपाणीत उतरल्या. गाडीत आम्ही दोघंच. निपाणी मागं पडली तसं मला राहवेना. चौथ्या कडव्याबद्दल मी जे बोलायला लागले ते संकेश्वरपर्यंत बोलत होते. न विचारता जोडलं, तुमच्या नावावर खपवलं, सगळ्या गाण्याचा अर्थ पुसून टाकला. हे गाडी चालवत होते. म्हणाले, "पोरींनी म्हटलं, लोकांनी ऐकलं. कुठलं कडवं कुणाचं हे विचारतंय कोण?"

"मी विचारतेय," मी म्हटलं.

समोर ट्रक होता. त्यांनी त्याला पुढं जाऊ दिलं. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "म्हणजे तुला आवडलंय व्हय माझं गाणं?"

मी एकदाही तसं म्हटलं नव्हतं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. 'लई' काढा म्हटलं होतं, ऱ्हस्व-दीर्घ सांगितलं होतं, त्यांच्यासाठी चिटणिसांशी भांडले होते, पण हे म्हटलं नव्हतं.

"चौथं कडवं सोडून," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पुढं सगळा रस्ता ते गाडी फार हळू चालवत होते, मागचे हॉर्न देत होते तरी.

त्यानंतर मी मागितलेलं लिहिणं बंद केलं. शाळेत, मंडळात, सगळीकडं सांगून टाकलं की आता जमणार नाही. लोक थोडे दिवस रुसले आणि मग त्यांना दुसरा माणूस सापडला. आमच्याच घरात. आता वास्तुशांती, निवृत्ती, बारसं, हळदीकुंकू, सगळ्याला ह्यांना बोलावतात. हे कुणाला नाही म्हणत नाहीत. सगळंच काही त्या गाण्यासारखं होत नाही. बरंचसं वाईट असतं, आणि तपासून द्यायला माझ्याकडंच येतं. मी लाल पेन घेऊन बसते, चिडते, सांगते की हे यमक ओढूनताणून आहे. ते म्हणतात, "असू दे, त्यांच्या नातवाचं नाव त्यात बसवायचं होतं."

मध्ये एकदा शाळेत ऑफ तास होता. स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. खिडकीतून मैदानावर आमच्या मुलांची कवायत दिसत होती, आणि एक मुलगा सारखा चुकीच्या बाजूला वळत होता. मी उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पुरवणीवर काहीतरी लिहायला लागले. घंटा झाली तेव्हा आठ-दहा ओळी झाल्या होत्या. मायमराठी नव्हती, कुणाचं स्वागत नव्हतं. बऱ्या होत्या. मी दोनदा वाचल्या आणि पर्समध्ये ठेवल्या.

ह्यांना दाखवल्या. त्यांनी सावकाश वाचल्या आणि तो मुलगा कुठला, असं विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच विचारताय होय गाव. ते हसले.

आक्कांना मात्र अजून सांगितलेलं नाही. त्यांचा दर रविवारी फोन येतो, काय सुचतंय का म्हणून विचारतात, आणि मी न्हाय म्हणते. व्हय म्हटलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबेल.